मालनचं बाळंतपण

“तिथंच थांब. उंबरा ओलांडू नको,” आई म्हणाली.

मालन दाराची चौकट धरून थांबली. मुंबईपासून गाडीत बसून तिचे पाय सुजले होते आणि तिला कधी एकदा अंथरुणावर टेकवतो असं मला झालं होतं. आई आतून भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तुकडा तिनं मालनच्या तोंडावरून ओवाळला, मग तिच्या छातीवरून ओवाळला आणि बाहेर फेकून दिला. पायांवर पाणी घातलं, ओलं बोट तिच्या डोळ्यांना लावलं.

“आता ये. उजवा पाय पुढं.”

“आई, हे काय चाललंय?”

“बाळंतीण घरात घ्यायची म्हंजे भाकरतुकडा नको व्हय?”

मला वाटलं, आईची जीभ घसरली. मालनशी माझं लग्न होऊन तेवीस वर्षं झाली होती आणि आम्हाला मूल नव्हतं.

आत गेलो तर मधल्या खोलीत बाज टाकलेली. बाजेवर धुतलेली गोधडी, वर जुन्या लुगड्याची मऊ घडी. बाजेखाली शेगडी, त्यात निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि शेपा. खिडकीला पडदा बांधलेला. कोपऱ्यात डबे. मी एक उघडून बघितला, डिंकाचे लाडू होते.

“अगं, हिचं हार्टचं काम झालंय.”

“व्हय. तूच सांगितलंस की फोनवर. तिच्या हाडातल्या पेशी काढल्या आन काळजात सोडल्या. तान्ह्या बाळासारख्या असत्यात म्हणालास, अजून कशाचंच काय झालेलं नसतंय त्यांचं. आता त्या तिथं वाढायच्या.” आईनं मालनला हाताला धरून बाजेवर बसवलं. “तान्हं पोटात वाढू दे न्हाईतर काळजात. बाई ओली ती ओलीच.”

मी हे फोनवर सांगितलं होतं, ते खरं. मुंबईच्या डॉक्टर धारणकर मॅडमनी मला ज्या शब्दांत समजावलं, तेच मी आईला सांगितलं होतं. मॅडम पुढं असंही म्हणाल्या होत्या, की जिथं सोडू तिथल्या होऊन त्या राहतील अशी आपण आशा करतो, खात्री कुणालाच नाही. पण ते आईला सांगायच्या आत फोन कट झाला होता.

मालन बाजेवर बसून खोलीकडं बघत होती. एकेक वस्तू बघत होती. मला म्हणाली, “अहो, चप्पल बाहेर काढा. बाळंतिणीच्या खोलीत चप्पल घालून आलाय.”

मी साखर कारखान्यात फिटर होतो. उसाच्या मिलचे रोलर बसवणं हे माझं काम. पुण्याच्या एका कंपनीनं आमच्यातले काही जण ब्राझीलला नेले, तिकडच्या कारखान्यांत मिल उभ्या करायला. एकट्यानंही जाता आलं असतं. पण मी मालनला घेऊन गेलो, त्याला कारण होतं.

त्याच वर्षी धाकट्या भावाच्या बायकोचं, सुमनचं, दुसरं बाळंतपण आमच्या घरी झालं. लाडू मालननं वळले, खीर मालननं केली. ताट घेऊन ती बाळंतिणीच्या खोलीशी गेली तर आई दारात आडवी उभी राहिली. ताट तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, “तू हितनंच बघ.” मी परड्यात नळ दुरुस्त करत होतो, म्हणून मला दिसलं. मालननं मला कधी सांगितलं नाही. बारशापर्यंत तिनं बाळाचं तोंड बघितलं नव्हतं, आणि बारशालाही ती बायकांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती.

तिकडं आम्ही पाच वर्षं होतो. मालनला तिथं काही गोड लागायचं नाही. भाषा कळायची नाही, जेवण बेचव. पण कारखान्याच्या गेटबाहेर एक म्हातारा उसाचा रस विकायचा. रोज संध्याकाळी ती तिथं जायची, त्याच्याशी खुणेनं बोलायची, घरून लिंबू न्यायची. “एवढी एकच गोष्ट आपल्या गावासारखी हाय हितं,” म्हणायची.

तिकडं एक किडा असतो. झोपलेल्या माणसाच्या तोंडाला चावतो म्हणून त्याला ते लोक न्हावी म्हणतात. तो उसात बसतो. उसाबरोबर चरकात गेला तर रसात उतरतो आणि त्याच्या पोटातले जंतू पिणाऱ्याच्या अंगात जातात. एकदा मालनला चांगला पंधरवडाभर ताप आला, तोंड सुजलं, मग बरी झाली. आम्ही परत आलो. पुढं दहा वर्षं काही नाही. मग दळणाचा डबा उचलताना दम लागायला लागला, मग दोन पायऱ्या चढताना.

आमच्या जिल्ह्याच्या गावी डॉक्टर मगदूम म्हणून हृदयाचे डॉक्टर होते. त्यांनी फोटो काढला, हृदय फुगलेलं दिसलं. कारण सापडेना. शेवटी त्यांनी विचारलं, कुठं परदेशात राहिला होता का? रक्त लांब तपासायला पाठवलं, तेव्हा कळलं. जंतू इतकी वर्षं तिच्या हृदयाच्या स्नायूत राहत होते. मी मालनला सगळं समजावून सांगितलं, किड्याचं नावसुद्धा. ती म्हणाली, “म्हंजे न्हाव्यानं बिनपाण्यानं केली माझी.”

औषधानं जंतू मारता येत होते, पण हृदयाचं जे वाया गेलं होतं ते परत येणार नव्हतं. त्यासाठी मगदूमांनी आम्हाला मुंबईला धाडलं. तिथं एका मोठ्या हॉस्पिटलात, ज्यांच्या हृदयाचे स्नायू दुबळे झालेत अशा रोग्यांवर मूळपेशींचा अभ्यास चालू होता. धारणकर मॅडमनी पहिल्या दिवशीच सांगितलं, “हा अजून उपचार म्हणून ठरलेला नाही. आम्ही बघतोय. गुण येईलच असं मी म्हणणार नाही.”

“माझ्याच हाडातलं काढणार?” मालननं विचारलं.

“हो. कमरेच्या हाडातून. स्वच्छ करून, वेगळं करून, नळीनं तुमच्याच हृदयात सोडणार.”

“म्हंजे माझंच विरजण मलाच लावायचं.”

मॅडम हसल्या. “तसंच समजा. पण दूध कोमट आहे का गार पडलंय, ते आपल्या हातात नाही.”

कमरेतून काढताना तिला दुखलं. माझा हात तिच्या हातात होता, बोटं वळली माझी. हृदयात सोडताना काहीच कळलं नाही म्हणाली. आणि मग आम्ही घरी आलो आणि आईनं दारात थांबवलं.

त्या दिवशी मी आईशी भांडलो. शेगडीच्या धुरानं मालनला खोकला यायला लागला तशी मी शेगडी उचलून परड्यात नेऊन ठेवली. आईला सांगितलं, डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, पाणी मोजून द्यायचंय, हे लाडू, ही खीर, हे शेकणं काही चालायचं नाही.

“बाळंतिणीला मीठ कमीच देत्यात,” आई म्हणाली.

“ती बाळंतीण नाही, आई. आजारी आहे.”

“आजारी म्हणून निजवली तर आजारीच ऱ्हाईल.”

मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात बाजेवरून मालन म्हणाली, “राहू दे की हो. कुणाचं काय जातंय?”

“तुझं जातंय.”

“मग मी सांगते. आत्ती, मीठ अजिबात नको. खीर वाटीभर, ती माझ्या पाण्यात धरायची. शेगडी नको, फडकं गरम करून शेका. लाडू एक.”

“दोन,” आई म्हणाली.

“बारका असला तर दोन.”

त्या दोघी एकमेकींशी इतकं बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

तेल लावायला हौसाक्का यायची. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिच्या हातांवर न्हालेली. ती दारातूनच ओरडत आली, “काय गं मालन, पोरगा का पोरगी?”

“लाखानं हायत, हौसाक्का. बघितल्याशिवाय काय सांगू?”

“अगं बाई. मग पाळणा कसला, बैलगाडीच झोपाळ्याला बांधायला लागंल.”

“आन नावं कुठनं आणायची एवढी? गावातली सगळी संपतील.”

“तुझ्या नवऱ्याचंच ठेव समद्यांचं. एकदा हाक मारली की लाखभर वळतील.”

आई म्हणाली, “थट्टा नको, नजर लागंल.” पण तीही पदर तोंडाला लावून हसत होती. मी सोप्यात बसून ऐकत होतो.

मालनच्या कानांवरून फडकं बांधलेलं असायचं. डोळ्यांत काजळ. आई तिच्या पायाशी बसून, मी कसा आडवा होतो, सुईण कशी नदीला पूर आल्यामुळं पलीकडच्या काठावर अडकली, हे सांगायची. मी हे लहानपणी तुकड्यातुकड्यानं ऐकलं होतं. मालनला आई सगळं सांगत होती, बाईनं बाईला सांगायचं तसं. पाचवीला आईनं पाटा मांडला, वरवंटा ठेवला, हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, सटवाई येती, नशीब लिहिती.

“आत्ती, नवं लिहिते का जुनंच गिरवते?” मालननं विचारलं.

आई म्हणाली, “पाटीवर जागा असंल तिथं लिहिती.”

गल्लीतल्या बायका आधी दबकत आल्या. सासूनं सुनेला वेड लावलंय का सुनेनं सासूला, हे बघायला आल्या असतील. पण बाजेवर काजळ घातलेली, कान बांधलेली बाई बसलेली दिसली की त्या आपोआप हळू बोलायला लागायच्या, बाहेरून आल्या म्हणून पाय धुवायच्या. कुणी अळीव आणलं, कुणी खारका. सुमनही शहरातून येऊन गेली. मालनच्या गालांवर रंग आला होता. तो तेलाचा असेल, शेकण्याचा असेल. मला तेव्हा वाटलं, रुजल्या पेशी.

महिन्यानं डॉक्टर मगदूमांकडं फोटो काढायचा होता. गाडी करून मी तिला नेलं. फोटो झाल्यावर डॉक्टर मालनला म्हणाले, “ताई, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“माझं हृदय आत ठेवून मी कुठं बाहेर बसू?” ती म्हणाली. “सांगा. मी ऐकते.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “फरक पडलेला नाही. उलट मुंबईला जाण्याआधी जेवढं चालत होतं तेवढंही आता चालत नाही. ठोक्यांची लयही चुकतेय, ते मला जास्त काळजीचं वाटतंय. मी धारणकर मॅडमशी बोलतो. तुम्ही उद्याच निघा. ॲडमिट व्हा.”

“आन मग काय करतील?”

“ठोके सांभाळायला एक यंत्र बसवता येतं. पुढं हृदय बदलण्याच्या यादीत नाव घालता येतं.”

“किती दिवस राहायला लागंल?”

“ते आत्ता सांगता येणार नाही.”

“घरी परत येईन का मी तिथनं?”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

“मग मी आठवड्यानं जाते,” मालन म्हणाली. “घरात एक कार्य हाय. ते झालं की जाते.”

तिला गाडीत बसवून मी पुन्हा आत गेलो. डॉक्टरांना विचारलं, उद्याच नेलं तर काय होईल ते स्पष्ट सांगा. ते म्हणाले, “थोडा वेळ मिळू शकतो. बरी होईल असं मी म्हणत नाही. वाटेतसुद्धा काही होऊ शकतं. पण इथं घरी ठेवणं हे मी डॉक्टर म्हणून सांगणार नाही.”

येताना पुलाच्या अलीकडं मी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर चहाला गेला. मी म्हणालो, “उद्या पहाटेच निघू. आईला मी सांगतो.”

“सव्वा महिना व्हायला आठच दिवस ऱ्हायलेत.”

“कसला सव्वा महिना, मालन? तुझं डोकं ठिकाणावर आहे का? अगं तो खेळ आहे. आईला समजत नाही, तुला तर समजतं ना?”

“समजतं की. पेशी मेल्या, ते पण समजलं. विरजण लागलं न्हाई.” ती नदीकडं बघत होती. “आत्तींनी हिरवी साडी आणलीया. मला दाखवली न्हाई, पण पिशवी दिसली. पाच बायका बोलावणार हायत ओटी भरायला. देवीला घेऊन जाणार.”

“साडी परत आल्यावर नेस.”

“अहो.” तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. “लेकरू झालं न्हाई, त्याचं मी कधीच सोडून दिलं होतं. लोकं काय बोलत्यात, ते पण. पण सुमनच्या येळंला मी ताट घेऊन दारात उभी होते, तवा आतनं वास येत होता. शेपाचा, तेलाचा, तान्ह्या बाळाचा. मला वाटलं होतं, या खोलीत काय असतंय ते आपल्याला मरस्तोवर कळायचं न्हाई. आता मी त्या खोलीत हाय. आतनं बघतीया. आठ दिवस द्या मला.”

मी मान हलवली.

“आन आत्तींना सांगू नका,” ती म्हणाली. “त्यांस्नी वाटतंय पेशी वाढतायत. एवढं करतायत त्या. त्यांच्या हातचं वाया गेलं असं त्यांना कळायला नको.”

मी तिला नेलं नाही. लोकांनी पुढं मला बोल लावला, डॉक्टरांनीही लावला असेल. पण आज तसाच दिवस आला तर मी आजही नेणार नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “काय म्हणाला डाक्टर?”

“चांगलं हाय म्हणाले, आत्ती,” मालन म्हणाली. “हळूहळू वाढतंय.”

“मला दिसतंयच की,” आई म्हणाली, आणि तिच्या पायांवर पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी आई परड्यात बसून अळीव निवडत होती. मला ते बघवेना. तिला बसवून सांगावं, की आई, हे सगळं थांबव, ही जाणार आहे, असं वाटलं. मालननं बजावलं होतं, तरी मी शेजारी बसलो आणि म्हणालो, “आई, काल डॉक्टर…”

“नको सांगू.”

“तुला माहीत नाही…”

“रोज तिच्या पायाला तेल मी लावते. हौसाक्का पाठीला लावती, पाय माझ्याकडं असत्यात. बोट दाबलं की खळी पडती. आधी ती भरून यायची. आता येत न्हाई.” आईनं ताट हलवलं, अळीव एका बाजूला गेलं. “डाक्टरनं काय वेगळं सांगितलं असंल?”



“मग हे सगळं कशासाठी, आई? मला वाटत होतं, तुला खरंच वाटतंय की…”

“मी काय खुळी हाय? ह्या घरातली आठ बाळंतपणं मी काढली. हाडातनं काढलेलं पोर कुठं असतंय व्हय?”

“मग?”

तिनं अळिवातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“मी तिला दारात अडवली होती एकदा. तुला म्हाईत न्हाई.”

“मला माहीत आहे.”

“असंल.” तिनं वर बघितलं नाही. “तवापासनं तिच्यासंगं बोलायला गेले की माझं तोंडच उघडत न्हाई. तू तिकडं घेऊन गेलास तिला, मला कळलं कशापायी नेलीस. परत आली, मग हे आजारपण. आता तिला काय म्हणू? चुकले म्हणू? सून हाय ती माझी. तू फोनवर बाळ म्हणालास. मला वाटलं, चला, एवढं तरी करता येतंय.”

मी उठलो.

“अण्णा,” आई म्हणाली, “तिला सांगू नको, मला कळलंय म्हणून. तिला वाटू दे, म्हातारीला काय समजत न्हाई.”

मग पुढचे दिवस मी दोघींचं ऐकत सोप्यात बसायचो. आत मालन आईला सांगायची, आज छातीत हलकं वाटतंय. आई म्हणायची, वाटणारच, वाढत्या अंगाची हायत. दोघींचे आवाज एकसारखे व्हायचे, हळू, लाडिक. मला दोन्हीकडचं ठाऊक होतं आणि कुणालाच काही सांगता येत नव्हतं. मी कारखान्यात जातो म्हणून निघायचो आणि नदीवर जाऊन बसायचो.

कार्याला दोन दिवस होते. सकाळी हौसाक्का तेल लावून गेली होती. आई बाजेवर मालनच्या मागं बसून तिचे केस विंचरत होती. मी दारात दाढीचं पाणी घेऊन उभा होतो.

“आत्ती, ओटीला कोण कोण येणार?”

“पाचच बोलावल्यात, पण येणार गल्ली समदी. शेजारची आक्की.”

“हं.”

“कुंभारांची यशोदा.”

“हं.”

“सुमन येणार, लेकरं घेऊन. थोरला आता केवढा झालाय. तो तुझ्या पाया पडल बघ. गुरवांची कौसल्या.”

“हं.”

“आन हौसाक्का तर हायच. पाच झाल्या. पर मी म्हणते पाटलांच्या सरूलाबी बोलवू, तिनं खारका आणल्या होत्या.”

मालननं हुंकार दिला नाही. आई विंचरत राहिली. म्हणाली, “नको का सरू? नको तर नको.” फणी केसांतून खालपर्यंत आली, तसं मालनचं डोकं आईच्या मांडीवर कलंडलं. मी पाणी खाली ठेवून आत धावलो. आईनं तिचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, पण हाक मारली नाही. मीच मारत राहिलो.

सुमन आणि भाऊ दुपारपर्यंत आले. हिरवी साडी आईनं स्वतः मालनला नेसवली. हातात हिरव्या बांगड्या भरल्या. बायका रडत होत्या. मी अंगणात उभा होतो, माणसं तिरडी बांधत होती. हौसाक्का माझ्याजवळ आली. तिच्या हातात सूप होतं, सुपात राळे. पिवळे दाणे, मोहरीपेक्षा जरा मोठे.

“अण्णा,” ती म्हणाली, “रागावू नको बाबा. राळे टाकायला लागत्यात.”

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण गेली की तिच्या मागं राळे पसरतात. तिचा जीव बाळासाठी रात्री घराकडं फिरतो म्हणतात. वाटेत राळे दिसले की एकेक टिपत बसते, टिपता टिपता उजाडतं आणि तिला परत जावं लागतं. घरापर्यंत पोचता येत नाही.

“हौसाक्का, तिला मूल झालं नव्हतं.”

“मला ठाऊक न्हाई व्हय? माझ्या ह्या हातांनी तिला तेल लावलंय.” तिचे डोळे लाल झाले होते. “पर समद्या गल्लीनं तिला बाळंतीण म्हणून बघितलीया. बायका भ्यायल्यात. ज्यांची घरात तान्ही हायत त्या तर रडाय लागल्यात. त्यांस्नी काय सांगू मी?”

माणसांनी हाक दिली, मी पुढं झालो, आम्ही उचललं. चालताना मागून बारीक आवाज येत होता, वाळू पडावी तसा. घरापासून गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. मी मागं वळून बघितलं नाही.

सगळं उरकून, नदीवर अंघोळी करून, ओल्या कपड्यांनी आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बायका आपापल्या घरी गेल्या होत्या, दारं लावून घेतली होती. आमच्या अंगणात आईच्या कोंबड्या सोडलेल्या होत्या. या वेळी ती त्यांना कोंडते. त्या दारापासून टिपत टिपत गल्लीत आल्या होत्या. आई रस्त्याच्या मध्ये फतकल मारून बसली होती, पदर मांडीवर पसरून. एकेक दाणा चिमटीत धरून पदरात टाकत होती.

भाऊ म्हणाला, “आई, सुतकात रस्त्यात काय बसलीस? लोक बघतायत.”

“बघू दे.”

“अगं, पण ते मुद्दाम टाकलेत. तिनं परत येऊ नये म्हणून.”

“मला म्हाईत हाय कशापायी टाकत्यात,” आई म्हणाली. “आता मी माझ्या हातानं तिला घरात घेतली हाय. तिला यायचं असंल तर येऊ दे. कुणी अडवायचं न्हाई.”

 भाऊ आत गेला.

आईनं मला जवळ बोलावलं. तिनं पदर सावरला आणि गल्लीच्या तोंडाकडं हात केला. “दारातलं कोंबड्यांनी टिपलं. तिकडच्या राळ्यापर्यंत त्या जाईनात, कुत्री हायत. अंधार पडायच्या आत झालं पाहिजे, अण्णा. तू त्या टोकाकडनं ये.”

मी ओल्या धोतरानं गल्लीच्या तोंडाशी गेलो, खाली बसलो आणि टिपायला लागलो.